‘फिजिकल मॅपिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय : “एका लेखाचं भाषांतर करतेय, विषय आहे प्रतिकारशक्तीच्या जनुकांचं मानवी गुणसूत्रांवरचं फिजिकल मॅपिंग. मशीनने ‘शारीरिक मानचित्रण’ दिलंय. भौतिक नकाशा म्हणू का?”

शारीरिक तर नकोच, वाचणाऱ्याला वाटेल पोट-पाठ मोजतायत. आणि मानचित्रण हिंदीतून आलेलं, आपला नकाशा काय वाईट आहे? भौतिक नकाशा चुकीचा नाही, पण त्यातून काही कळतही नाही. भूगोलाच्या पुस्तकात फिजिकल मॅपला आपण प्राकृतिक नकाशा म्हणायचो, डोंगर-नद्यांचा, राजकीय नकाशाच्या विरुद्ध. इथे फिजिकलच्या विरुद्ध राजकीय नाही, जेनेटिक आहे, सगळी गोची तिथेच.

म्हणजे बघा, गाव किती लांब असं विचारलं की आपण दोन उत्तरं देतो, इतके किलोमीटर किंवा इतके तास. कुंभार्ली घाटात किलोमीटर थोडे नि वेळ बक्कळ, एक्सप्रेसवेवर उलटं. जेनेटिक मॅप हा तासांचा हिशोब. दोन जनुकं पिढीमागून पिढी जाताना किती वेळा एकमेकांपासून सुटतात, त्या ताटातुटीवरून अंतर काढायचं. शंभरात एकदा सुटली तर अंतर 1 सेंटीमॉर्गन (हे नाव थॉमस हंट मॉर्गनवरून, आणि असा पहिला नकाशा 1913 मध्ये त्याच्याच विद्यार्थ्याने, स्टर्टेव्हंटने, फळमाशीचा काढला). फिजिकल मॅप म्हणजे किलोमीटरचे दगड, डीएनएची मधली अक्षरं किती ते सरळ मोजायचं. माणसात सरासरी 1 सेंटीमॉर्गनला साधारण 10 लाख अक्षरं पडतात, पण सरासरीच ती, घाट आला की कोलमडते.

प्रतिकारशक्तीच्या जनुकांत हा फरक छान दिसतो. एचएलए, म्हणजे आपली पेशी कोणती नि परकी कोणती हे ओळखायला लागणाऱ्या जनुकांचा भाग, सहाव्या गुणसूत्रावर आहे, 1999 मध्ये त्यातली सुमारे 36 लाख अक्षरं सलग वाचून झाली आणि त्यात 224 जनुकं नोंदली गेली. तिथे ए आणि बी या दोन जनुकांत अंतर 14 लाख अक्षरांच्या आसपास, तरी ताटातूट शंभरात एखाद्याच वेळी. आमच्या घरात बोन मॅरोसाठी तपासण्या झाल्या तेव्हाचा कागद मला अजून आठवतो, प्रत्येकाच्या नावापुढे ए, बी, डीआर (ही सगळी एचएलएचीच जनुकं, मॅरो जुळतो का ते यांवरून बघतात) आणि त्याखाली दोन-दोन आकडे, आणि मावसभाऊ नि त्याची धाकटी बहीण यांचे सगळेच्या सगळे आकडे सारखे! आईकडचा एक अख्खा पट्टा, वडिलांकडचा एक अख्खा पट्टा, मधे न तुटता आलेला. वाटणी न झालेली जमीन जशी वारसाला सलग मिळते तशी.

जमिनीवरूनच मला शब्द सुचला, मोजणी. मोजणीवाला येतो, खुणा रोवतो, कोणाचा गट कुठे आणि किती ते सांगतो. फिजिकल मॅपिंगमध्ये हेच होतं, कधी चमकणारा रंग लावून गुणसूत्रावर जागा शोधतात, कधी डीएनएचे तुकडे एकावर एक जुळवत नेतात. म्हणून माझं मत मोजणी-नकाशा. जेनेटिक मॅपला जनुकीय नकाशा म्हणू नका, कारण मोजणी-नकाशाही जनुकांचाच असतो, वारसा-नकाशा म्हणा. परीक्षेचा पेपर असेल तर मात्र गपचूप भौतिक लिहा.

अजून एक, तुमच्या लेखात ही जनुकं एकाच वस्तीत राहतात असं वाटेल असं वाक्य नको. अँटिबॉडीची जनुकं 14, 2 आणि 22 या तीन गुणसूत्रांवर विखुरलेली. टी पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ज्याने परकं ओळखतात त्या रिसेप्टरची 14 आणि 7 वर, आणि 14 वर तर अल्फा या साखळीच्या जनुकांच्या गटाच्या पोटातच डेल्टा या दुसऱ्या साखळीचा गट, त्यामुळे पेशी अल्फाची जोडणी करायला मधला भाग कापते तेव्हा डेल्टा त्यासोबतच जातो. थोडक्यात त्या पेशीपुरती मोजणी पुन्हा करावी लागेल, मूळ नकाशा लागू नाही. हे भाषांतरात ‘जननपेशींतला मूळ क्रम’ असं एकदा स्पष्ट लिहून टाका.

शीर्षक असं करता येईल : ‘प्रतिकारशक्तीच्या जनुकांची मानवी गुणसूत्रांवरची मोजणी’. आणि लेखात एचएलएचा 6पी21.3 असा पत्ता येईल, तो मोठ्याने वाचायची वेळ आली तर ‘एकवीस’ म्हणू नका, ‘सहा पी दोन एक पॉइंट तीन’. दोन नंबरचा विभाग, त्यातला एक नंबरचा पट्टा, त्यातला तिसरा उपपट्टा. पी म्हणजे फ्रेंचमधलं पती, छोटं, गुणसूत्राचा आखूड हात. नवरा नव्हे.