मोठी लायब्ररी घेऊन बासरी सुधारत नाही

तुम्ही विचारलंय, कंप्युटरवर सुरेख वाजणारी बासरी वर्कस्टेशनमध्ये (बाहेरचे आवाजही भरता येणाऱ्या कीबोर्डमध्ये) इम्पोर्ट केली की निर्जीव का होते आणि मोठी लायब्ररी (वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) घेतली तर फरक पडेल का. नाही पडणार. याच गोष्टीवरून मी माझ्या ग्रुपमधल्या मित्राशी दोन वर्षं भांडलोय.

त्यानं आणलेली बासरीची लायब्ररी मी रात्रभर बसून कीबोर्डमध्ये घेतली. सप्तकाला एकच सॅम्पल (रेकॉर्ड केलेला सूर; बाकीचे सूर तोच जलद किंवा संथ वाजवून निघतात), त्यात वादकाचा कंप आधीच भरलेला. मधल्या सफेद एकवर (सी वर) गोड वाजायची. तिथून वरच्या सफेद एकच्या जवळ गेलो की तोच कंप जवळजवळ दुप्पट वेगानं, शेळी ओरडावी तसा. सूर धरून ठेवला की ठरावीक वेळानं 'टक्', कारण लूपची (सूर लांबवायला पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याची) दोन टोकं जुळतच नव्हती. मित्र म्हणाला, "तुझा कीबोर्डच फालतू, जास्त जीबीची लायब्ररी घेऊ."

मी ऐकलं नाही. एका बासरीवादकाला बसवून दर तीन अर्धस्वरांना एक, असे कंप नसलेले सरळ सूर घेतले. तीन सप्तकं, बारा सॅम्पल, मोनो, सगळे मिळून चार एमबीच्या आत. लूपला क्रॉसफेड दिला, म्हणजे टोकं एकमेकांत मिसळली, आणि कंप एलएफओनं (कीबोर्ड स्वतः तयार करतो त्या संथ लहरीनं) मॉड्युलेशन व्हीलवर, म्हणजे कीबोर्डच्या चाकावर घेतला. त्यामुळे तो कुठल्याही पट्टीत त्याच वेगानं येतो, आणि हवा तेव्हाच येतो. बोट हलकं पडलं की फिल्टर मिटतो आणि आवाज मऊ होतो, जोरात पडलं की फुंकर उघडते. तोच 'फालतू' कीबोर्ड!

थोड्या मेमरीतही भागतं: 1988 च्या कॉर्ग एम1 कीबोर्डमध्ये सगळ्या वाद्यांचे सॅम्पल मिळून 4 एमबी रॉममध्ये (कायमच्या मेमरीत) होते. त्याचा पियानो लोक आजही ओळखतात.

तुमचं कारण बहुधा हेच: इम्पोर्टमध्ये वेव्ह (सॅम्पलच्या फाइल) आणि कीमॅप (कुठल्या पट्टीला कुठलं सॅम्पल ते) येतात, कॉन्टॅक्ट या कंप्युटरवरच्या सॅम्पलरमधलं लेगॅटोचं (सूर सलग जोडण्याचं) स्क्रिप्ट येत नाही. एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो), व्हेलॉसिटी (बोटाच्या जोराचा परिणाम), रिलीज (पट्टी सोडल्यावर आवाज कसा विरतो) हाताने भरा. रूट की (सॅम्पल मुळात कुठल्या सुराचं आहे ते) तपासा. स्टीरिओ सॅम्पल एका सुराला दोन व्हॉइस (कीबोर्ड एका वेळी वाजवू शकतो त्या आवाजांपैकी दोन) खातं, तेही धरा. आणि जुन्या मॉडेलमध्ये सॅम्पल रॅममध्ये राहतात, वीज गेली की पुसले जातात. यामाहाच्या मोटिफ एक्सएफ कीबोर्डला फ्लॅश बोर्ड (वीज गेली तरी न पुसणारी जोड-मेमरी) लावला असेल तर ती भीती नाही.

खऱ्यासारखा पियानो हवा असेल तर मात्र वेगळं. तिथे व्हेलॉसिटीचे थर (हलक्या-जोरदार वाजवण्याची वेगवेगळी सॅम्पल) जास्त लागतात, मोठी लायब्ररी खरंच उपयोगी पडते. बासरीला नाही. हे मी मित्राला तेव्हाही सांगितलं होतं.