थरथर कुठून येतेय ते आधी ओळख

तुझी इंट्रूडर (सुझुकीची मोठी बाइक, चेनऐवजी शाफ्टने, म्हणजे फिरत्या दांड्याने, मागचं चाक फिरवणारी) थरथरतेय म्हणून लगेच उघडायची घाई करू नकोस रे. इंदूरजवळच्या राऊच्या बाजूला मोकळा रस्ता बघून 80 चा वेग घे, क्लच दाब, इंजिन आयडलवर येऊ दे. थरथर तशीच राहिली तर दोष बहुधा चाकांत किंवा शाफ्टमध्ये. थांबली तर इंजिन आणि त्याचे माउंट (इंजिनला फ्रेमवर धरणारे आधार) बघ.

टायरची हवा, बॅलन्स आधी. मग मागचं चाक काढून स्प्लाइन (चाकाला फायनल ड्राइव्हशी, म्हणजे मागच्या गिअरच्या डब्याशी, जोडणारे दाते) तपास, हे कुणी करतच नाही! माझ्या गाडीचे कोरडेठाक होते, बोटाला तांबूस भुकटी लागली. साफ करून मॉलिब्डेनम पेस्ट लावली; साधं ग्रीस तिथे टिकत नाही. दात टोकदार झाले असतील तर मात्र भाग बदलावाच लागतो. फायनल ड्राइव्हच्या तेलात धातूचे तुकडे दिसले तर गाडी घरापर्यंतसुद्धा चालवू नकोस, मागचं चाक जाम होऊ शकतं.