पार्किंगचे पंखे सीओ सेन्सरवर चालवायचे असतील तर

तळघरातल्या पार्किंगचे दोन एक्झॉस्ट पंखे दिवसरात्र चालू असतात, वीज वाया जाते, तर घरात लावतात तो कार्बन मोनॉक्साइडचा (सीओ, गाडीच्या धुरातला विषारी वायू) अलार्म आणून त्याच्या रिलेवर (विजेवर चालणाऱ्या स्विचवर) पंखे जोडले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. पंखे सेन्सरवर जरूर चालवा. पण तो घरगुती अलार्म यासाठी घेऊ नका.

तो अलार्म मुद्दाम उशिरा वाजेल असाच बनवलेला असतो. अमेरिकेच्या यूएल 2034 या सुरक्षा मानकानुसार 70 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग सीओ) तो 1 ते 4 तासांत वाजतो आणि 150 पीपीएमला 10 ते 50 मिनिटांत. झोपलेल्या माणसाला वेळेत उठवणं हे त्याचं काम. पंख्याने तर त्याच्या कितीतरी आधी हवा ओढायला सुरुवात केली पाहिजे.

तुम्हाला हवा पार्किंगसाठीचा इलेक्ट्रोकेमिकल ट्रान्समीटर, 4 ते 20 मिलिअँपिअर आउटपुटचा, म्हणजे सीओ मोजून आकडा विजेच्या सिग्नलने पंख्यांच्या कंट्रोल पॅनेलला कळवणारा सेन्सर; 4 म्हणजे शून्य सीओ. मी साधारण 25 पीपीएमला पंखे कमी वेगावर, 50 ला पूर्ण वेगावर आणि 100 ला भोंगा असं ठेवतो. अंदाजासाठी सांगतो: आठ तासांच्या कामासाठी ओशाची (अमेरिकेची कामगार सुरक्षा यंत्रणा) सरासरी मर्यादा 50 पीपीएम आहे, नायोशची (तिथलीच कामगार आरोग्याची संशोधन संस्था) शिफारस 35 ची. तुमच्याकडचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळा. पंखा 25 ला लागला की 24 ला बंद होऊ देऊ नका, 15 पर्यंत उतरू द्या आणि एकदा लागला की किमान 10 मिनिटं चालू द्या. नाहीतर कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) दिवसभर खटखट करत राहील आणि मोटर तापेल.

जमलं तर व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवाच. पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणजे अर्ध्या वेगाला हिशेबाने आठवा हिस्सा. बराच वेळ कमी वेगावर भागत असेल तर बिलात फरक पडतोच.

सेन्सरची उंची हा नेहमीचा वाद. कुणी म्हणतं वायू हलका, छताला लावा. कुणी म्हणतं जड, जमिनीलगत. सीओचा रेणुभार 28, हवेचा सरासरी 29. तो हवेत मिसळूनच राहतो. म्हणून माणसाच्या नाकाच्या उंचीला, साधारण दीड मीटरवर लावा. ताजी हवा आत येते तिथे नको. जिथे हवा साचते त्या कोपऱ्यात आणि गाड्या रांगेत थांबतात त्या रॅम्पपाशी लावा. सकाळी थंड इंजिन सुरू होतं तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) तापलेला नसतो, त्यामुळे सगळ्यात जास्त सीओ तेव्हाच सुटतो. डिझेलच्या गाड्या बऱ्याच असतील तर नायट्रोजन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर लागेल, कारण डिझेलचा त्रास सीओवरून कळत नाही.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते. एका पार्किंगमध्ये मी पॅनेल पाहायला गेलो तेव्हा डिस्प्लेवर शून्य होतं आणि पंखे गप्प. सगळे खूश होते, बिल कमी आलं होतं. मी सेन्सरवर कॅलिब्रेशनचा वायू (ठरावीक प्रमाणात सीओ असलेला, तपासणीसाठीचा) सोडला तरी आकडा शून्यच. सेन्सरमधला वायू ओळखणारा सेल केव्हाच मेला होता. पॅनेलवर एकही फॉल्ट नव्हता, कारण मेलेला सेलही 4 मिलिअँपिअर देत राहतो आणि पॅनेलला ती स्वच्छ हवा वाटते. आणि या वायूला ना रंग ना वास, त्यामुळे तिथे वावरणाऱ्यालाही कळायला मार्ग नाही.

म्हणून वायरिंग असं करा की रिलेला वीज मिळत असेल तरच पंखा थांबेल. पॅनेल बंद पडलं, वायर तुटली, सिग्नल 4 च्या खाली गेला, तर पंखा आपोआप पूर्ण वेगाने लागला पाहिजे. सेन्सर काहीही म्हणो, सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी टायमरवर पंखे चालवाच. दर सहा महिन्यांनी खरा वायू देऊन तपासा; टेस्टचं बटण दाबलं म्हणजे सेल तपासला असं होत नाही. सेल बसवल्याची तारीख पेनने डबीवर लिहा आणि उत्पादकाने दिलेली मुदत संपली की बदला, आकडा बरोबर दिसत असला तरी.

एक गोष्ट जोडणी करण्याआधीच विचारा: हेच पंखे आगीच्या वेळी धूर काढायलाही वापरले जातात का? तसं असेल तर आगीच्या पॅनेलचा हुकूम सीओच्या वर राहिला पाहिजे, आणि ती जोडणी फायरचं काम पाहणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय हात लावू नका.