तिळाभोवती पांढरं कडं: तुमचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा आहे. त्याच्या पाठीवरच्या तिळाभोवती गोल पांढरं कडं पडलंय. गावातले एकजण बिबा लावा म्हणतात. लावू का? (एक आई, परभणी)

मुळीच नको, ताई. बिब्याच्या तेलानं कातडी पोळते, फोड येतात आणि मागे राहणारा डाग कड्यापेक्षा वाईट दिसतो. चुना-सोड्याचंही तेच. शिवाय तीळ एकदा जाळला की तो मुळात कसा होता, हे तपासायला काही उरतच नाही.

तुमच्या वर्णनावरून हा ‘हॅलो नीव्हस’ वाटतो. अमेरिकी डॉक्टर रिचर्ड सटन यांनी १९१६ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला सटनचा तीळही म्हणतात. शाळकरी आणि कॉलेजच्या वयात तो जास्त दिसतो, तोही बहुधा पाठीवरच. शरीराच्या संरक्षक पेशी तिळातल्या रंगपेशींवर तुटून पडतात आणि शेजारच्या चांगल्या कातडीतल्या रंगपेशीही त्यात मरतात. पुढे तीळ गुलाबीसर होतो, बऱ्याचदा नाहीसा होतो आणि मग पांढरा भाग हळूहळू भरत येतो. याला महिने लागतात, कधी वर्षं.

एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते डर्मोस्कोपमधून, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून, पाहतील. तीळ सरळसाधा असेल तर औषध लागत नाही. घरी मात्र दर तीन महिन्यांनी, कंपासपेटीतली पट्टी तिळाशेजारी धरून, खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढून ठेवा. नुसत्या आठवणीवर तीळ वाढला की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्न: वय २३. दोन तिळांभोवती अशी कडी आहेत. घरात स्थळं बघणं चालू आहे. हे कोड आहे का? मेडिकलवरून ट्यूब आणली तर चालेल? (लातूर)

तिळाभोवतीचं कडं म्हणजे कोड नव्हे. बहुतेकांना पुढे कोड होतही नाही. पण काहींना दोन्ही असतात. म्हणून कडी बरीच असतील किंवा घरात कुणाला कोड असेल, तर वुड्स दिव्याखाली (पांढरे डाग ठळक दाखवणारा अतिनील दिवा) सगळं अंग एकदा तपासून घ्या. मासे खाऊन दूध प्यायल्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

विचारल्याशिवाय ट्यूब नको. गजकर्णासाठी सर्रास मिळणाऱ्या मलमांत स्टिरॉइड असतं, त्यानं कातडी पातळ होते. सासरचे काय म्हणतील, यावर माझ्याकडे मलम नाही. कोड असलं तरी ते संसर्गजन्य नसतं, एवढं मात्र त्यांना खुशाल सांगा.

प्रश्न: वय ५४, शेती करतो. छातीवरच्या तिळाभोवती यंदाच पांढरं पडलं. दुखत नाही. थांबू का? (बीड)

काका, तुम्ही थांबू नका. चाळिशीनंतर असं कडं नव्यानं उमटलं, तर ते अंगावर कुठेतरी मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, असल्याची खूण असू शकते. शक्यता कमी आहे, पण तपासणी डोक्यापासून तळपायापर्यंत व्हायलाच हवी. आपल्याकडे हा कर्करोग बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली निघतो. काळ्या मातीत अनवाणी वावरणाऱ्याला तळव्याचा काळा डाग काट्याचा वाटतो आणि तिथेच उशीर होतो.

तीळ वेडावाकडा आहे, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, रक्त येतं, किंवा कडं एकाच बाजूला पसरलंय, असं काही दिसलं तर डॉक्टर तो पूर्ण कापून पॅथॉलॉजीला पाठवतील. लेझरनं जाळून घेऊ नका. अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ पडेल, नाहीतर संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय आहेच.

प्रश्न: तीळच कापून टाकला तर पांढरं भरून येईल का? (नांदेड)

खात्री नाही. वर छाती-पाठीवर व्रण जाड होण्याची भीती. संशय असेल तरच कापावा.

पांढऱ्या भागात रंगद्रव्य नसल्यानं तो उन्हात लवकर भाजतो. कापूस वेचायला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा पुरतो. भाग उघडाच राहणार असेल, तर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा आणि घाम आला की दोन तासांची वाट न बघता पुन्हा लावा.