घरच्या घरी पिकअपची कामं करताना टॉर्क रेंच लागतोच का?

लागतो. टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेल्या जोराला ‘कट’ आवाज देणारा पाना; टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. ‘इतकी वर्षं हाताच्या अंदाजाने आवळतोय, काही झालं नाही’ असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, म्हणून लिहायला बसलो. हेच वाक्य आमचे दाजी मला दर दिवाळीला ऐकवतात.

आमची जुनी टाटा ४०७ होती, छोटा ट्रक. मागच्या डाव्या चाकांचे ब्रेक लायनर मी आणि दाजींनी घरीच बदलले. चाकं चढवून झाल्यावर दाजींनी पान्याला पाइप घातला, सगळं मिळून मीटरभर, आणि चक्क टोकावर उभे राहिले. वजन तेव्हा ८० किलो. म्हणजे ७८५ न्यूटन-मीटर (टॉर्क मोजायचं माप) झाले. दहा टायरी गाडीच्या २२ एमएमच्या स्टडलासुद्धा (ज्यावर चाकाचा नट बसतो तो बोल्ट) टॉर्क ६००च्या आसपास पुरतो, आणि ४०७चे स्टड त्याहून बारीक. ‘आता बापजन्मात सुटत नाही,’ म्हणत हात पुसले.

चौथ्या दिवशी फरशी भरून कराडला निघालो. खंबाटकी चढताना मागून टक्-टक् सुरू. जोडचाकात दगड अडकला असेल म्हणून तसाच घाट उतरलो (हा माझा गाढवपणा). सुरूरच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन बघतो तर दोन स्टड मुळापासून गेलेले, तिसऱ्याचा नट बोटांनी फिरतोय, नटाभोवती गंजासारखी तांबूस भुकटी आणि चाकाच्या डिस्कची भोकं लंबगोल झालेली.

फोनवर दाजी काय म्हणाले? ‘ढिला राहिला असेल. अजून आवळायला पाहिजे होता.’

अहो, बोल्ट म्हणजे कडक स्प्रिंग. आवळला की किंचित ताणतो आणि त्या ताणाने चाक धरून ठेवतो. हद्दीबाहेर ताणला की परत पूर्ण आखडत नाही, मग पकड कसली राहणार? त्यात आपण लावतो त्यातला जवळजवळ ९० टक्के जोर आट्यांच्या आणि नटाखालच्या घर्षणातच जातो. आटे तेल-ग्रीसने ओले असतील तर घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणतो. हाताला यातलं काही कळत नाही, वस्तादाच्या हातालाही नाही.

आणि हो, त्या दिवशी आट्यांना ग्रीस मी फासलं होतं. घरी हे अजून कुणाला माहीत नाही.

आता कुठल्या बोल्टला किती, ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच बघा. एकाच जाडीचे दोन बोल्ट, एकाच्या डोक्यावर ८.८ आणि दुसऱ्यावर १०.९ (बोल्टच्या मजबुतीचा दर्जा) असेल तर आकडा बदलतो, मग मी काय सांगणार? चाकाचे नट समोरासमोरचे घ्या, दोन-तीन फेऱ्यांत, आणि शेवटची फेरी चाक जमिनीला टेकवून. ५०-१०० किलोमीटर गाडी चालली की पुन्हा तपासा. हे कुणीच करत नाही. रेंचचा ‘कट’ आवाज आला की थांबा, ‘अजून एकदा’ नको. काम झालं की रेंचवरचा आकडा सगळ्यात खाली आणून ठेवा.

ग्रीसबद्दल वर बोललो ते सरसकट धरू नका. काही कंपन्या आट्यांना दोन थेंब ऑइल लावायला स्वतःच सांगतात, तिथे आकडाही तसाच धरलेला असतो. इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, म्हणजे हेडचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत आकड्यानंतर पुढे अंशांत फिरवायचे असतात आणि काही एकदाच वापरायचे. त्यात पडणार असाल तर आधी विचारून घ्या.

मागच्या दिवाळीला दाजी स्वतःहून टॉर्क रेंच मागायला आले. मी मनात म्हटलं, मानलं एकदाचं. संध्याकाळी त्यांच्या अंगणात गेलो तर माझ्या रेंचला पाइप घालून जाम झालेला नट सोडवत होते.