ऑक्सफर्डचं पत्र आलंय, पैसे भरू का?

पत्र: मुलगी सांगलीत अकरावी सायन्सला आहे. गणित तिच्या आवडीचं. क्लासमध्ये एका एजन्सीनं सेमिनार घेतला, मग ऑनलाइन मुलाखत झाली आणि आठवड्याभरात ‘तुमची निवड झाली आहे’ असं पत्र आलं. पुढच्या जुलैत ऑक्सफर्डला दोन आठवडे. फी साडेपाच लाख, विमान आणि व्हिसा वेगळा. शुक्रवारपर्यंत पन्नास हजार भरा म्हणतात. परदेशात इंजिनिअरिंगला जायचं तर याचा उपयोग होतो, असंही सांगतात. मी सहकारी बँकेत नोकरीला आहे, मुदत ठेव मोडावी लागेल. धाकटा मुलगा इथेच नववीत आहे, त्याचंही पुढे बघायचंय. काय करू?
– एक पालक, पलूस

उत्तर: नमस्कार. शुक्रवारी पैसे भरू नका. एवढं आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या माहितीपत्रकाचं शेवटचं पान काढा. पत्त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय की ही कंपनी स्वतंत्र आहे, विद्यापीठाशी तिचा संबंध नाही. लपवाछपवी म्हणता येणार नाही, छापलंय तर खरं. उन्हाळ्यात ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुलं घरी जातात, कॉलेजच्या खोल्या मोकळ्या होतात आणि खासगी कंपन्या त्या भाड्यानं घेऊन शिबिरं भरवतात. मुलगी राहील त्याच कॉलेजात, जेवेलही तिथल्याच हॉलमध्ये, पण प्रमाणपत्र मिळेल ते कंपनीचं. आणि त्या मुलाखतीत नापास कोण झालं, हे क्लासमधल्या इतर पालकांना एकदा विचाराच.

अमेरिकेत काही विद्यापीठं असे कार्यक्रम स्वतः चालवतात. हार्वर्डचा दोन आठवड्यांचा प्री-कॉलेज घ्या. तो विद्यापीठाचाच, पण फी पाच हजार डॉलरच्या वर आणि क्रेडिट, म्हणजे पुढे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, मिळत नाहीत. येलच्या यंग ग्लोबल स्कॉलर्समध्ये चुरस असते, मात्र घरचं उत्पन्न पाहून फीमध्ये सवलत देतात. तरीही, तिथे गेल्यानं त्या विद्यापीठात पुढे प्रवेश पक्का होतो, असं कुठेच नाही.

आता उपयोगाचं. जेईई आणि सीईटीला असल्या प्रमाणपत्राची किंमत शून्य. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बारावीनंतर थेट जायचं तर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असावं लागतं, नाहीतर भारतात पदवीचं एक वर्ष केलेलं लागतं. तिथे समर स्कूल कुणी विचारत नाही. इंग्लंडात मुख्य भिस्त मार्कांवर आणि काही ठिकाणी प्रवेश परीक्षेवर. अमेरिकेत मार्कांखेरीज निबंध, आवडीनिवडी, इतर कामं हे सगळं बघतात. पण फी भरून कुणालाही जाता येतं अशा शिबिराचं त्यांनाही अप्रूप नाही.

मग अप्रूप कशाचं? तुमची लेक गणितवेडी आहे म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. अमेरिकेत अर्नोल्ड रॉस यांनी 1957 मध्ये शाळकरी मुलांसाठी संख्या सिद्धांताचं, म्हणजे पूर्णांकांच्या गणिताचं, उन्हाळी शिबिर सुरू केलं. त्याच परंपरेतून 1989 मध्ये बोस्टन विद्यापीठात ‘प्रॉमिस’ (PROMYS) हे शिबिर उभं राहिलं. आज त्याचीच भारतातली शाखा बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) सहा आठवडे चालते. अर्जासोबत गणितांचा एक संच येतो. एका बैठकीत उरकणारी गणितं नव्हेत ती. आठ-आठ दिवस एकाच गणितावर घालवायचे, छोटे आकडे घेऊन बघायचं, काहीतरी नियम दिसतोय असं वाटलं की तो सिद्ध करायला बसायचं. पूर्ण सुटलं नाही तरी कुठवर पोचलो ते लिहून पाठवायचं. निवड मुख्यतः त्यावर होते, फी परवडत नसेल तर मदतीसाठी अर्ज करता येतो. मागच्या वर्षांचे संच इंटरनेटवर शोधून बघा. त्यातलं एक गणित तिला द्या आणि आठवडाभर काही बोलू नका. ती त्यात रमली तर तुम्हाला जे कळेल ते ऑक्सफर्डला पाठवूनही कळणार नाही. वैतागली तरी काही बिघडत नाही, फुकटात कळलं.

तारखांकडेही बघा. आपली सुट्टी एप्रिल-मेची, त्यांची जून ते ऑगस्ट. जुलैत तुमची मुलगी बारावीत असेल, कॉलेज आणि क्लास दोन्ही जोरात. एजन्सीवाले हे सांगत नाहीत. व्हिसा, विमा, अल्पवयीन मुलीसाठी पालकांचं संमतिपत्र, ही धावपळ ऐन परीक्षेच्या महिन्यात येते ती वेगळीच.

ज्यांच्याकडे पैसे वर आहेत त्यांनी खुशाल जावं. एकटं राहणं, इंग्रजीत बोलणं, चार देशांची मुलं भेटणं, यात सोळाव्या वर्षी मिळण्यासारखं पुष्कळ आहे. पण ती सहल आहे, सहलीसाठी ठेव मोडत नाहीत. ती ठेव पदवीच्या वेळी लागणार आहे. परदेशी गेली तर व्हिसासाठी खात्यात पैसे दाखवा म्हणतील, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

मुलांना सगळा खर्च करून नेतात असेही कार्यक्रम आहेत. जपान सरकारच्या साकुरा सायन्समध्ये भारतातली शाळकरी मुलं जातात, पण त्यांची निवड सरकारमार्फत होते, थेट अर्ज नसतो. जर्मनीच्या ‘पाश’ योजनेतल्या शाळांमधल्या जर्मन शिकणाऱ्या मुलांना तिथल्या युवा शिबिरांसाठी शिष्यवृत्ती मिळते. तुमच्या मुलीच्या वाटेत यातलं काही सहज येईल असं मला दिसत नाही.

धाकट्यासाठी मात्र एक सांगतो. इस्रोचा ‘युविका’ हा कार्यक्रम फक्त नववीच्या मुलांसाठी असतो, मेमध्ये, इस्रोच्या केंद्रांवर, प्रवास-निवास-जेवण सगळं त्यांच्याकडून. आठवीचे मार्क, विज्ञान प्रदर्शन, ऑनलाइन प्रश्नमंजूषा यांचे गुण धरतात आणि ग्रामीण शाळेतल्या मुलांना जादा गुण देतात. त्याची शाळा ग्रामीण भागात धरली जाते का ते विचारा आणि धरली जात असेल तर तसा दाखला मुख्याध्यापकांकडून आत्ताच मागून ठेवा. नोंदणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडते आणि थोडेच दिवस चालू राहते.