काम काढून भेटा

ताई, स.न.वि.वि.

मी 62 वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. हे गेल्या वर्षी दसऱ्यानंतर चार दिवसांनी गेले. त्याआधी सहा महिने नागपूरच्या महाल भागातला आमचा वाडा बिल्डरला दिला होता आणि आम्ही मनीषनगरला सहाव्या मजल्यावर राहायला आलो होतो. मुलगा-सून बंगळुरूला. वाड्यात विहिरीपाशी पारिजातक होता, इथे गॅलरीतून दुसऱ्यांच्या गॅलऱ्या दिसतात.

शाळेतल्या तिघी मैत्रिणी फोन करतात. रामटेकला चल म्हणतात, पेंचला चल म्हणतात. मी काहीतरी सांगून टाळते. भाचीच्या लग्नात एकदा खळखळून हसले, तर चुलत जाऊ म्हणाली, ‘बरं झालं बाई, तुम्ही आता मोकळ्या.’ तेव्हापासून चारचौघांत जायची भीतीच बसली. एकटीसाठी कुकर लावावासा वाटत नाही, रात्री चहा-टोस्टवर भागवते. मैत्रिणी विचारतात, ‘कशी आहेस?’ मी म्हणते, ‘बरी आहे.’ मग दोघींनाही पुढे सुचत नाही. मन कशातच लागून नाही राहिलं. काय करू?

— एक वाचक, मनीषनगर

उत्तर

शिक्षिका आहात, म्हणून बाईच म्हणते. बाई, तुमच्या पत्रातलं शेवटून चौथं-पाचवं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ‘कशी आहेस’ आणि ‘बरी आहे’. या दोन वाक्यांवर मैत्री चालत नाही हो. माझीही चालली नव्हती.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. सुरुवातीची बरीच वर्षं ट्रंक कॉल जोडण्यात गेली. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून सांगावं लागे, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचा का?’ त्यामुळे नको तेवढं कानावर पडायचं. एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती. ‘तुझी फार आठवण येते’ असं कुणी म्हणत नसे. ‘गहू पाठवले, मिळाले का?’ ‘थैलीत खाली लोणच्याची बरणी आहे, पाहिली का?’ आणि हे विचारता विचारता आवाज फुटायचा. पलीकडचा माणूसही ‘मिळाले, मिळाले’ एवढंच म्हणायचा. सगळं बोलून व्हायचं त्यात.

आमचे हे गेले ते मे महिन्यात. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. घरी बसायला आलेली माणसं कूलरसमोरून उठत नव्हती, आणि बोलायला कुणाजवळ काही नव्हतं. तेराव्यानंतर घर रिकामं झालं. मग एका गुरुवारी माझी खात्यातली मैत्रीण दारात उभी. कशी आहेस नाही, काही नाही. ‘कूलरच्या ताट्या बदलायच्या आहेत, मला एकटीला भाव करता येत नाही, चल.’ मी म्हटलं, ‘अगं, माझी मनःस्थिती...’ ती म्हणाली, ‘मनःस्थिती घेऊन चल, ऑटोत जागा आहे.’

पुढच्या गुरुवारी तुरीची डाळ. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिच्या बहिणीच्या चष्म्याची फ्रेम. मग इतवारीत पडद्याचं कापड. त्या कापडासाठी आम्ही तीन गुरुवार घातले. हा रंग विटेल, तो फार भडक, त्याचा पन्हा कमी. तिसऱ्या खेपेला मीच चिडून दुकानदाराशी भांडले आणि मीटरमागे दहा रुपये कमी करून घेतले. त्या दिवशी घरी येऊन मी वरण-भात लावला, कारण भूक लागली होती. तिचं पडद्याचं कापड तिच्या ट्रंकेत अजून न शिवता पडलंय, हे मला चार वर्षांनी कळलं. तिच्या खिडक्यांना तेव्हाही पडदे होते, आताही तेच आहेत.

तुमच्या तिघींपैकी कुणाला हे सुचेल याची वाट पाहू नका. तुम्हीच काम काढा. आणि काम असं काढा, जे एकटीनं होत नाही.

सध्या बाजारात सांबार स्वस्त आहे. (पुण्या-मुंबईचे वाचक हो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं ते वेगळं.) सांबारवडी करायला घ्या. एका माणसाची सांबारवडी होतच नाही. जुड्या निवडायच्या, धुवायच्या, कपड्यावर पसरून कोरड्या करायच्या, ओल राहिली की वडी तेलात उकललीच म्हणून समजा. किसलेलं सुकं खोबरं, खसखस, चारोळी, लसूण-मिरची. बेसन-मैद्याची पारी एकीनं लाटायची, दुसरीनं तिला आतून चिंचेचा कोळ आणि मसाला लावायचा, तिसरीनं सारण भरून पुडी घालायची. पुडी घालण्यावरून तुमच्या तिघींत वाद होणारच, प्रत्येकीच्या आईची पद्धत वेगळी असते. होऊ द्या. कढी मात्र तुम्ही करा, घर तुमचं आहे. ‘तुम्ही माझ्याकडे या’ असा नुसता फोन केलात तर त्या सांत्वनाचं तोंड करून येतील. ‘चार जुड्या आणल्यात, माझ्याच्यानं होत नाहीत, लाटणं घेऊन ये’ म्हणालात तर लाटणं घेऊन येतील.

उरलेल्या कच्च्या वड्या डब्यात घालून लिफ्टसमोरच्या दारी द्या. फ्लॅटमध्ये ओळखी होत नाहीत असं सगळेच म्हणतात. डबा दिला की तो परत करायला माणूस येतो, आणि आपल्याकडे रिकामा डबा कुणी परत करत नाही.

आता रामटेक. माझं मत, पेंच राहू द्या, रामटेकलाच जा. पेंचला सफारीचं बुकिंग, पहाटेची जिप्सी, वाघ दिसला नाही तर दिवसभर त्याचीच चर्चा. रामटेक पन्नासेक किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. एसटीत बायकांना मार्च 2023 पासून निम्मं तिकीट आहे, म्हणजे खर्चाचंही कारण सांगता येणार नाही.

मीही गेले होते त्याच मैत्रिणीबरोबर, हे गेल्यानंतरच्या फेब्रुवारीत. तिचं काम काय, तर म्हणे नवस फेडायचा होता. कसला नवस, ते तिनं अजून सांगितलेलं नाही. गडावर वराहाची मोठी मूर्ती आहे, तिच्या पोटाखालून जो सरपटत जाईल तो पुण्यवान, असं म्हणतात. आम्ही दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि पाप तसंच राहू दिलं. आधी लक्ष्मणाचं दर्शन, मग रामाचं. उतरताना पायऱ्यांवर एका वानरानं माझ्या हातातली प्लास्टिकची पिशवी ओढली. तीत फुटाणे होते आणि माझ्या बीपीच्या गोळ्या. तो वर चढून बसला, फुटाणे खाल्ले, गोळ्यांची पट्टी उलटीसुलटी करून पाहिली, आणि अगदी माझे हे औषध पाहून जसं तोंड करायचे तसं तोंड करून खाली टाकून दिली.

मी हसले. पायरीवर बसून, पोट धरून. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. येणारे-जाणारे पाहत होते. आणि परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तितकीच रडले. मैत्रीण काही बोलली नाही. मृगाच्या बहाराची संत्री आली होती, ती सोलायची, फोडीतल्या बिया काढायची आणि एकेक फोड माझ्या हातावर ठेवायची. कन्हान येईस्तोवर चार संत्री झाली.

तुमच्या जावेचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. बाई, तुम्ही लग्नात हसलात ते भाचीसाठी, आणि जाऊ बोलली ती स्वतःच्या स्वभावासाठी. तिला कुठे उत्तर देत बसता? बोलणारी माणसं पिठलं-भाकरीवरही बोलतात आणि बुंदीच्या लाडवांवरही, फक्त जेवून झाल्यावर. हसल्यानं गेलेल्या माणसाचं काही कमी होत नाही. माझे हे त्या वानराच्या तोंडात मला जितके लख्ख दिसले, तितके हार घातलेल्या फोटोत कधी दिसले नाहीत.

वाड्याचं दुःख वेगळं आहे, ते यांच्या दुःखात मिसळू नका. यजमान गेले त्याला कुणी काही करू शकत नव्हतं. वाडा आपण सही करून दिला, म्हणून तो जास्त टोचतो. सध्या त्या गल्लीत जाऊ नका, तिथे आता पत्रे ठोकलेले असतील आणि आत खड्डा. पण महाल सोडू नका. तुमची नेहमीची भाजीवाली, शिंपी, वाणी तिथेच आहेत ना? मनीषनगरहून जयप्रकाशनगरचं मेट्रो स्टेशन जवळ पडतं. तिथून सीताबर्डी, पुढे ऑटो. पंधरा दिवसांतून एकदा सांबार त्या भाजीवालीकडूनच आणा. पारिजातकही मोठ्या कुंडीत जगतो, बियांपासून येतो, फांदीपासूनही येतो. वाड्यातल्या कुणा शेजाऱ्याकडे त्याच झाडाचं रोप गेलं असेल तर पावसाळ्यात फांदी मागून आणा. बघा, हेही कामच झालं.

एक मात्र खरं खरं विचारते. रात्री चहा-टोस्ट, हे किती महिने चाललंय? झोप लागते का? आंघोळ, वेणी-फणी, औषधं वेळेवर होतात का? यातलं बरंच काही आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर सांबारवडी आणि रामटेक त्याला पुरे पडणार नाहीत. डॉक्टरांकडे जा, आणि मैत्रिणीला बरोबर घेऊन जा. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो. तिथे तुमच्या भाषेत बोलता येतं. मी ऑपरेटर होते म्हणून सांगते, पलीकडच्या माणसाला तुमचा फोन म्हणजे त्रास वाटत नाही, ते त्याचं काम असतं.

ताई,

आम्ही चौघे निवृत्त मित्र अंबाझरीला सकाळी फिरायला जायचो आणि मग तर्री-पोहे. एक जण मुलाकडे पुण्याला कायमचा गेला. एक जण मार्चमध्ये वारला. आता आम्ही दोघेच उरलो, आणि दोघेही काही ना काही निमित्त काढून जात नाही. तिसऱ्या बाकावर बसलं की फार ओकंबोकं वाटतं.

— वय 67, गोकुळपेठ

उत्तर

भाऊ, मग त्या बाकावर बसू नका. तलाव मोठा आहे. निष्ठा मित्राशी असते, बाकाशी नसते.

दोघांनी मेट्रो धरा आणि एखाद्या सकाळी कडबी चौकात उतरा. तिथे नॅरोगेजचं रेल्वे संग्रहालय आहे. नागभीडची छोटी गाडी 2019 मध्ये बंद झाली. तुमच्या वयाचा नागपूरकर त्या गाडीत एकदा तरी बसलेला असणार, आणि बसलेला नसला तरी बसल्याचं सांगणार. जाताना गड्डीगोदामला खिडकीतून खाली बघा. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांवरून तुम्ही. इंजिनं बघून झाली की तिथूनच पुण्याला व्हिडिओ कॉल लावा. ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ म्हणू नका, तो तिकडे आधीच रडकुंडीला आलेला असेल. ‘हे इंजिन तुला आठवतं का, पैज लाव’ म्हणा.

जो गेला त्याच्याबद्दल दोघं बोलता का? तुमच्या पत्रावरून वाटतं, बोलत नाही. म्हणूनच दोघं एकमेकांना टाळता. तो पोह्यांवर तर्री जास्त मागायचा की कांदा जास्त, यापासून सुरू करा. आणि त्याच्या घरी एकदा जाऊन या. वहिनींना बँकेचे, पेन्शनचे कागद भरायला माणूस लागत असेल.

ताई,

आई 76 वर्षांची. तिच्या दोन मैत्रिणींबरोबर एसटीनं माहूरला जायचं म्हणते. मी म्हणते, मी सुट्टी काढून कारने नेते. तिला ते नको आहे. राग आला मला. काय चुकलं?

— एक मुलगी, त्रिमूर्तीनगर

उत्तर

काही चुकलं नाही. पण तुमच्या कारमध्ये ती आई असेल, आणि एसटीत त्या तिघी पोरी असतील. जाऊ द्या.

75 च्या वरच्यांना ऑगस्ट 2022 पासून राज्यातल्या एसटीत तिकीट नाही. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड मात्र मूळ द्या, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. तिघींपैकी जिचं वय 75 नसेल तिला अर्धं तिकीट लागेल, आणि त्यावरून प्रवासभर तिची थट्टा होईल, ती होऊ द्या. औषधांचा डबा वारांप्रमाणे भरून द्या, एका चिठ्ठीवर तुमचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या पर्समध्ये ठेवा. दिवसातून दहा फोन करू नका, रात्री एकच करा. आणि तेव्हा ‘बरी आहेस ना’ विचारू नका. विचारा, लिंबाचं लोणचं सांडलं तर नाही ना थैलीत.